नदीकाठची पांढर आणि खाडीकाठचे बंदर

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या उत्तरेस, अर्धचंद्राकार पुळणीच्या काठी वेळणेश्वर हे गाव वसले आहे. समोर अरबी समुद्र, किनाऱ्याला लागून माडांची दाटी, त्यामागे पोफळीची आगरे आणि त्याही मागे जांभ्या दगडाचा उघडा सडा, अशी या गावाची ठेवण आहे. समुद्राच्या सान्निध्यात शिवाचे देवालय असून महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे समुद्रकिनारा किंवा भरतीची मर्यादा. तो अर्थ घेतला, तर वेळणेश्वर हा वेलेचा ईश्वर ठरतो. गावाच्या नावातच नदी नाही, समुद्र आहे.

या गावच्या शाळेतील मुलेही राज्यातील इतर मुलांप्रमाणेच सिंधू, नाईल, युफ्रेटिस आणि तैग्रिस या नद्यांच्या काठी उदयास आलेल्या संस्कृतींचा धडा वाचतात. नदीने गाळ आणला, गाळाने शेती दिली, शेतीने वाढावा दिला आणि वाढाव्यातून नगरे, कारागीर व राज्यकर्ते निर्माण झाले, ही त्या धड्याची साखळी आहे. ती चुकीची नाही. परंतु सह्याद्रीतून उतरून चार प्रहरांत समुद्राला मिळणारी नदी ज्यांच्या नित्य परिचयाची आहे, त्या मुलांना ही साखळी परक्या मुलखातील वाटली तर नवल नाही. वास्तविक महाराष्ट्रातही साडेतीन हजार वर्षांपूर्वी नदीकाठची एक ग्रामसंस्कृती भरभराटीस आली होती आणि तिच्या खुणा प्रवरा, गोदावरी, घोड व तापी या नद्यांच्या काठी आजही आहेत. ती संस्कृती घाटमाथ्यावरून खाली कोकणात मात्र उतरली नाही. ती का उतरली नाही, याचे उत्तर शोधू लागल्यास भूगोल आणि समाज यांचे नाते पाठ्यपुस्तकातील नकाशापेक्षा अधिक स्पष्टपणे ध्यानात येते.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखातील जुन्या कागदपत्रांत गावाचे वर्णन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशा दोन शब्दांत केलेले आढळते. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, मातीच्या भिंती कोसळून त्यांवर नव्या भिंती उभ्या राहिल्या, म्हणजे तेथील माती फिकट, भुसभुशीत व राखाडी होते. देशावरील अनेक नद्यांच्या काठी अशी पांढरीची टेकाडे दिसतात. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वसाहतीचा शोध घेताना प्रथम याच टेकाडांकडे वळतात. शेतकऱ्यांच्या भाषेत जी गोष्ट शेकडो वर्षे रूढ होती, तिचाच आधार शास्त्राने घेतला.

अशाच टेकाडांपैकी एक संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे येथे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकबरोबर तेथेही उत्खनन केले. चाकावर घडविलेली, तांबड्या रंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेली आणि उत्तम भाजलेली भांडी तेथे मिळाली. तोटीची भांडी आणि कंगोरेदार वाडगे ही त्यांतील ठळक ओळख होय. पुढे याच घाटाची भांडी जेथे जेथे सापडली, त्या साऱ्या वसाहतींना ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव मिळाले. आजवर अशी सुमारे २०० स्थळे ज्ञात झाली आहेत. विदर्भाचा काही भाग आणि कोकणाची किनारपट्टी वगळता जवळजवळ सर्व महाराष्ट्र त्यांनी व्यापला आहे. हे लोक तांबे व दगड अशी दोन्ही प्रकारची हत्यारे वापरीत, म्हणून या काळास ताम्रपाषाणयुग म्हणतात. तांबे बाहेरून येई आणि ते दुर्मीळ असे. रोजच्या कापणी-सोलणीसाठी गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान पातीच उपयोगात येत.

या सर्वांत मोठी वसाहत म्हणजे दायमाबाद. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर हे स्थळ असून त्याचा शोध १९५८ मध्ये लागला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे तीन वेळा उत्खनन केले. त्यांपैकी १९७५ ते १९७९ या काळातील डॉ. शां. अ. साळी यांचे काम सर्वांत विस्तृत होते. एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर तेथे आढळले. त्यांपैकी एका थरात उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीच्या खुणा आहेत आणि सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या आहेत. मोहेंजोदडोचा धडा वाचणाऱ्या मुलांना सिंधू संस्कृतीचे एक टोक थेट प्रवरेपर्यंत पोहोचले होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. जोर्वे काळात ही वस्ती सुमारे २० हेक्टरांवर पसरली होती आणि तेथे चार हजारांच्या आसपास माणसे राहत असावीत, असा अंदाज केला जातो. आजच्या कोणत्याही मोठ्या गावाशी तुलना करता यावी, असा हा आकडा आहे.

इनामगावचा दाखला

आकाराने दायमाबाद मोठे असले, तरी त्या काळातील समाजाची सर्वांगीण ओळख इनामगावाने करून दिली. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर हे स्थळ आहे. डॉ. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे सलग उत्खनन केले. एखादे संपूर्ण गाव जमिनीखालून उलगडून पाहावे, तेथील माणसे काय पिकवीत, काय खात, मेलेल्यांना कसे निरोप देत हे समजून घ्यावे, असा हेतू त्यामागे होता. भांड्यांची वर्गवारी करून थांबणाऱ्या उत्खननांच्या तुलनेत हा दृष्टिकोन नवा होता आणि त्याचे फळही तसेच मिळाले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तेथे उजेडात आली. १३० हून अधिक घरांचे अवशेष मोकळे झाले.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. अशा ठिकाणी माणसांनी शेती केली ती नदीच्या भरवशावर. नदीकाठच्या गाळाची जमीन ओल धरून ठेवते. लाकडी अवजारांनी ती उकरता येते आणि पावसाळा संपल्यावर त्या ओलीवर हिवाळी पीक उभे राहते. सातू हे इनामगावचे मुख्य पीक होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि हुलगा असे. थोडा भातही मिळाला आहे. बोरासारखी रानफळे, गुरे, शेळ्या-मेंढ्या, हरणाची शिकार आणि नदीतील मासे यांची त्यात भर पडे. या हुलग्यालाच कोकणात कुळीथ म्हणतात. घोडेच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी शिजणारे हे कडधान्य आजही वेळणेश्वरच्या घरांत कळण-पिठल्याच्या रूपाने ताटात येते.

केवळ ओलीवर विसंबून न राहता इनामगावच्या लोकांनी पाणी वळविण्याचाही उद्योग केला. पुराचे पाणी शेताकडे नेणारा पाट आणि त्याच्या कडेचा दगडमातीचा बांध उत्खननात उघडा झाला आहे. असा पाट एका कुटुंबाच्या बळावर खोदता येत नाही. तो केव्हा खोदावा, कोणी किती माणसे द्यावीत, पाणी आधी कोणाच्या शेतास जावे आणि गाळ कोणी काढावा, हे ठरविणारी काही व्यवस्था गावात असलीच पाहिजे. या व्यवस्थेची खूण घरांच्या मांडणीत दिसते. वस्तीच्या मध्यभागी संपन्न शेतकऱ्यांची प्रशस्त चौकोनी घरे होती. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे असे कारागीर एका बाजूस, कडेला राहत. मध्यवस्तीतील पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचे कोठार होते. हे घर गावप्रमुखाचे असावे आणि गावाचा धान्यसाठा त्याच्या देखरेखीखाली असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. दुष्काळी मुलखात कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाला वजन असणार, हे सांगण्यास उत्खननाची गरज नाही. परंतु ही गोष्ट किती जुनी आहे, हे उत्खननानेच कळले.

मृतांच्या बाबतीतील चालीरीतीही बोलक्या आहेत. लहान मूल दगावले, म्हणजे दोन मडकी तोंडास तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसांना उताणे निजवून पुरीत, पण घोट्याखालचे पाय तोडून टाकीत. गेलेल्याने परत फिरू नये, वा दूर जाऊ नये, अशी काही समजूत यामागे असावी. मात्र एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या कच्च्या रांजणात बसविलेला एक प्रौढ पुरुष मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. मरणानंतरही सर्वांना एक नियम नव्हता. एका घरात मातीच्या लहानशा पेटीत ठेवलेली मस्तकहीन स्त्रीमूर्ती व तिच्यासोबत बैल सापडला. कृषिजीवनाशी निगडित अशी मातृदेवतेची ही पूजा असावी.

नदीकाठ सोडावा लागला

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास गोदावरी व तापी यांच्या खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे वसाहती ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, परंतु त्याचे रूप पालटले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. गहू मागे पडला, कमी पाण्यावर येणाऱ्या सातूवर भिस्त राहिली आणि शिकारीचे व शेळ्या-मेंढ्यांचे प्रमाण वाढले. शेतकऱ्यांचे गाव हळूहळू अर्धभटक्या पशुपालकांचे होत गेले आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास तेही सुटले.

हवामान अधिकाधिक कोरडे होत गेल्यामुळे हा ऱ्हास ओढवला, असे डॉ. ढवळीकरांनी आग्रहाने प्रतिपादिले. नंतरच्या काही संशोधकांनी या मतास मुरड घातली आहे. एकच कारण सर्व वसाहतींना लागू पडत नाही, जमिनीचा कस उतरणे, सामाजिक व्यवस्थेतील बदल यांचाही विचार केला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. वाद काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद दिसते. कोठार, पाट आणि प्रमुख हे सर्व असूनही ओळीने येणाऱ्या वाईट वर्षांपुढे ते गाव टिकले नाही. अवर्षण महाराष्ट्रास १९७२ साली प्रथम भेटले नव्हते.

कोकणाने दुसरी वाट धरली

आता सह्याद्री उतरून खाली यावे. गोदावरी उगमापासून समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर वाहते. कोकणात सह्याद्रीची धार आणि समुद्र यांतील अंतर बहुतेक ठिकाणी ५० ते ८० किलोमीटर इतकेच आहे. प्रचितगडाच्या परिसरात उगम पावणारी शास्त्री नदी संगमेश्वरास सोनवीला भेटते आणि जयगडजवळ समुद्रास मिळते. वाशिष्ठी चिपळूणवरून येऊन दाभोळजवळ समुद्र गाठते. वेळणेश्वर या दोन मुखांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षास सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे इनामगावच्या सहापट. परंतु तो चार महिन्यांत कोसळतो आणि तीव्र उतारावरून तितक्याच वेगाने निघून जातो. देशावरच्या नदीला गाळ पसरण्यासाठी विस्तीर्ण मैदान मिळते, कोकणच्या नदीला ते मिळत नाही. तिचा सपाट भाग जेथे सुरू होतो तेथे समुद्राची भरती येऊन पोहोचलेली असते. गोड्या पाण्याची नदी तेथे खाऱ्या पाण्याची खाडी होते.

मातीही वेगळी. काळ्या बेसाल्टावर देशात काळी जमीन तयार झाली, ती ओल धरते. कोकणात उष्ण व अतिपावसाच्या हवामानात त्याच खडकाचा जांभा झाला. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपते, सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते आणि उन्हाळ्यापूर्वीच बहुधा आटते. सड्यावर माती जवळजवळ नाहीच. उतारांवर त्या काळी घनदाट अरण्य होते. तांब्याची चार हत्यारे आणि दगडी पाती यांच्या बळावर ते अरण्य तोडून शेत करणे व पावसाळ्यात पुन्हा माजणारे रान दरवर्षी मागे हटविणे शक्य नव्हते. त्यासाठी लोखंडाची कुऱ्हाड आणि फाळ हवा होता. ताम्रपाषाणयुगीन शेतकरी घाटमाथ्यावर थांबला, त्याची ही कारणे होत. अरण्य, उतार आणि खारे पाणी या तिन्हींनी मिळून त्याची वाट अडविली.

याचा अर्थ कोकण निर्मनुष्य होते असा नव्हे. गेल्या दशक-दीड दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवर एक विलक्षण ठेवा उजेडात आला आहे. उघड्या जांभ्यावर कोरलेली प्राणी, पक्षी, मासे, माणसे आणि भौमितिक आकृत्या यांची ही कातळशिल्पे शेकड्यांनी मोजावी लागतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीच्या अभ्यासकांनी गावोगाव पायपीट करून त्यांतील अनेक शोधून काढली. कशेळी येथील हत्तीची आकृती तर इतकी विशाल आहे की तिच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू, रुंढेतळी ही आणखी काही स्थळे. सिंधुदुर्गातील कुडोपी व गोव्यातील फणसमाळ यांच्यासह अशा नऊ स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला. यांचा निश्चित काळ अद्याप ठरलेला नाही. कोकणात आज न आढळणाऱ्या गेंड्यासारखे प्राणी त्यांत आहेत. शेतीचे चित्र मात्र दिसत नाही. ज्यांनी ती कोरली, ते शिकार करणारे व मासे पकडणारे लोक असावेत, या तर्कास त्यामुळे बळ मिळते. देशावर पांढरीने इतिहास सांभाळला, कोकणात तो उघड्या कातळाने सांभाळला.

किनाऱ्यालगत समुद्राच्या पाण्याखाली भिंतीसारख्या दगडी रचना असल्याचे काही संशोधकांनी म्हटले आहे आणि त्यावरून बुडालेल्या प्राचीन नगरांच्या वार्ता अधूनमधून प्रसिद्ध होतात. कोकणात बेसाल्टाच्या नैसर्गिक भिंती अनेक ठिकाणी सरळ रेषेत जमिनीतून वर आलेल्या असतात. तेव्हा अशा वार्ता वर्गात सांगताना शिक्षकांनी हात राखूनच सांगितलेले बरे. कोकणाचा खरा इतिहास पुरेसा मोठा आहे, त्याला बुडालेल्या नगरांची जोड देण्याचे कारण नाही.

खाडी हीच नदी

लोखंडाचा प्रसार झाल्यानंतर कोकणात जी समाजरचना उभी राहिली, तिचा कणा शेतीपेक्षा खाडी हा होता. नदीचा जो दोष शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा, तोच नावाड्याच्या दृष्टीने गुण ठरला. भरतीचे पाणी आत शिरते, त्याबरोबर गलबते आत येतात आणि वादळापासून निवारा मिळतो. खाडीच्या माथ्याशी बंदर आणि बंदरापासून घाटाची वाट, अशा जोड्या संपूर्ण किनाऱ्यावर दिसतात. वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ, वर गोवळकोट व चिपळूण आणि तेथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, ही त्यांपैकी एक वाट होय. शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि वर संगमेश्वर, ही दुसरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमार्गदर्शक ग्रंथात कल्याण व चौल यांच्या दक्षिणेकडील बंदरांची नावे आली आहेत. त्यांतील ‘मेलिझेइगारा’ म्हणजे जयगड किंवा राजापूर असावे, असे एक मत आहे. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे २९ लेणी असून हीनयान बौद्ध भिक्षूंपासून नाथपंथीयांपर्यंत हजाराहून अधिक वर्षे तेथे वावर होता. व्यापारी मार्गाच्या आश्रयानेच अशी लेणी जगतात. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने परतीचे जहाज पकडले ते दाभोळ बंदरातून.

शेतीही झाली, पण तिची रीत निराळी. खाडीकाठच्या दलदलीस बांध घालून, भरतीचे पाणी रोखून आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढून खाजणाची भातजमीन तयार करण्यात आली. बांधास ठेवलेली उघाडी ओहोटीला पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बंद होते. एका रात्रीत बांध फुटला, तर साऱ्या खाजणात खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हातचे जाते. इनामगावच्या पाटाप्रमाणे हा बांधही एकट्यादुकट्याचे काम नव्हे. येथेही जमीन सुधारण्यासाठी माणसे व भांडवल उभे करणारा आणि त्या बदल्यात गावावर अधिकार सांगणारा वर्ग निर्माण झाला. सारावसुलीचे वतन त्यास जोडले जाऊन खोतीची पद्धत रूढ झाली. कुळांच्या वाट्याला तिच्यातील जाच आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली. खाजणांच्या संरक्षणासाठी १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम करण्यात आला. कोठाराचा प्रश्न असो वा बांधाचा, जे सर्वांच्या श्रमाने उभे राहते त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न घोडेच्या काठी होता तसाच खाडीच्या काठीही होता.

अपुऱ्या जमिनीचा आणखी एक परिणाम म्हणजे स्थलांतर. गोखले, गाडगीळ, वेलणकर आदी कुळांचे कुलदैवत वेळणेश्वर आहे. ही कुळे पिढ्यांपूर्वी घाट चढून गेली. त्यांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून देवदर्शनास येतात. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये याच तालुक्यातील कोतळूक येथे झाला आणि त्यांचे कार्यक्षेत्र मात्र पुणे राहिले. कोकणातील असंख्य कष्टकरी कुटुंबांनी मुंबईची गोदी व गिरण्या गाठल्या, त्यामागेही हीच जमीन आणि हेच पाणी होते.

पाण्याचा आजचा हिशेब

तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या असाव्यात, ही गोष्ट बाहेरच्या माणसास विपरीत वाटते. जांभ्याचे स्वरूप समजले, म्हणजे ती विपरीत राहत नाही. किनाऱ्यावरील आगरांना पुळणीत झिरपलेल्या गोड्या पाण्याचा आधार आहे. पूर्वी आगरातील विहिरीवर रहाट फिरे आणि उपसा बैलाच्या चालीने होई. विद्युत पंप आल्यावर उपसा वाढला. पुळणीतील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असल्यासारखे असते. वरचे अधिक उपसले की खालचे खारे वर चढते आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजी सुधारत नाही. किनाऱ्यावरील गावांत निवासगृहे वाढत असताना पंचायतींनी याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. नव्या बांधकामास किती खोल्या आहेत हे जसे विचारले जाते, तसेच त्याचे पाणी कोणत्या विहिरीचे आणि सांडपाणी कोठे मुरणार, हेही विचारले पाहिजे.

पावसाळा संपताच वाहत्या पऱ्ह्यावर दगड, माती आणि झाडपाल्याचा कच्चा बंधारा घालण्याची कोकणातील रीत जुनी आहे. आता त्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वापरतात. हे काम कार्तिकात झाले तर उपयोगी. शिमग्यात घातलेला बंधारा छायाचित्रापुरताच उरतो. याउलट अतिरिक्त पाण्याचा धोकाही आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. उतारावरील जंगल विरळ झाल्याने वाहून येणारा गाळ खाड्यांच्या तळाशी साचत आहे. एके काळी संगमेश्वरापर्यंत ये-जा करणारी गलबते बंद होण्यासही हाच गाळ कारण झाला. नाईलच्या गाळाने शेते समृद्ध केली, हे वाक्य वाचणाऱ्या विद्यार्थ्यास शास्त्रीच्या गाळाने बंदर बुजविले, हेही ठाऊक असावे.

पांढर आणि सडा यांची राखण

देशावर पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची प्रथा आहे. राख व शेणखत शतकानुशतके मुरल्याने ती कसदार असते, म्हणून शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. परंतु अशा रीतीने अनेक प्राचीन टेकाडे गाडी-गाडीने नाहीशी झाली. आता यंत्राने ती एका दिवसात सपाट होतात. कोकणात हाच धोका सड्यास आहे. चिरेखाणीसाठी, रस्त्यासाठी किंवा घरांच्या वसाहतीसाठी जागा निवडली जाते तेव्हा तेथे कातळावर काही कोरलेले आहे काय, हे सहसा कोणी पाहत नाही. गुराख्यास ते ठाऊक असते. पावसाळ्यानंतर गवत वाळले आणि ऊन तिरपे पडले, म्हणजे कातळावरच्या रेषा ठळक दिसतात. ग्रामसेवक व शिक्षक यांनी त्या दिवसांत गुराख्यांसोबत सडा एकवार फिरून पाहावा आणि गट क्रमांकासह नोंद करून ती तहसीलदार व पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी येथील कार्यालयाकडे पाठवावी. आकृतीत खडू किंवा रंग भरू नये. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवणे पुरेसे आहे.

जमिनीतून काही सापडल्यास त्याबाबतचा कायदा जुनाच आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. दायमाबादच्या चार ब्राँझ वस्तू १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, रेडा, हत्ती व गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरले. त्या वितळवून मोडीच्या भावाने विकल्या गेल्या असत्या, तर त्यांची कोणास खबरही लागली नसती. त्या पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचल्या. मात्र त्या उत्खननाच्या थरांतून नव्हे, तर सुट्या सापडल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. म्हणून वस्तू आढळताच ती जागची न हलविता प्रथम किती खोलीवर, कोणत्या मातीत आणि कशाच्या शेजारी ती आहे, याची नोंद करावी आणि तलाठ्यास बोलावून पंचनामा झाल्यावरच ती बाहेर काढावी.